पट्टा घसरला ती जागा

बाबूजी,

मागच्या महिन्यात गोंदियाच्या भाजीबाजारात मुनीमजी भेटले. सौंदडच्या राइस मिलमधले, तुमच्याबरोबर वीस वर्षं काढलेले. आता ऐंशीच्या पुढं असतील, कानाला यंत्र लागलंय, जीभ मात्र जशीच्या तशी. वांगी निवडता निवडता त्यांनी तुमच्या हाताचा विषय काढला आणि भाव विचारावा इतक्या सहज म्हणाले, "मी तं इतवारी सकारीच तुह्या होस्टेलात फोन लावला होता. दुपारी परत लावला, तं बाई म्हने चिठ्ठी देली, पोरगी बाहेर गेली. मी तसाच दवाखान्यात जाऊन मिस्त्रीले सांगतलं." मिस्त्री म्हणजे तुम्ही.

निरोप मला सोमवारी मिळाला, असं मी तुम्हाला सांगितलं होतं. ते खोटं आहे हे तुम्हाला मी यायच्या आधीपासून ठाऊक होतं, एवढंच मुनीमजींच्या बोलण्याचं सार. सोनारानंच कान टोचावेत म्हणतात. मी वांगी घेऊन घरी आले, भाजी केली, दुसऱ्या दिवशी बारावीच्या वर्गावर जाऊन तास घेतला. रडूबिडू आलं नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली, आता कुणासमोर रडायचं हाही प्रश्नच आहे. पण त्या दिवसापासून मी ती जुनी टेप रोज ऐकते आहे. माझ्याकडं एवढी एकच उरली आहे.

टेप तुम्ही ऐकली होती, पण ती कुठली ते मी सांगितलं नव्हतं. पुण्यात एमएस्सी करत असताना मी रविवारी दुपारी एका तळघरात जात असे. वर लग्नपत्रिका छापणारा छापखाना, रविवारी बंद. खाली तीस-चाळीस पोरंपोरी दुपारी दोन ते सहा रेकॉर्डी लावून नाचायची. दुपारी, कारण आम्हा होस्टेलच्या मुलींना सातच्या आत परत यावं लागे. पाटी नाही, जाहिरात नाही, ज्याला ठाऊक तो येई. तुमच्या मनात काय येईल ते मला कळतं, म्हणून सांगते की प्यायला फक्त लिंबू सरबत असायचं आणि ते तीनच्या आत संपायचं. केनियाहून शिकायला आलेला एक मुलगा रेकॉर्डींची पेटी आणायचा. त्या रेकॉर्डी तेव्हाच दहा-बारा वर्षं जुन्या होत्या, शिकागोच्या आणि डेट्रॉइटच्या. मोठ्या क्लबांच्या दारात ज्यांना कुणी उभं करत नव्हतं अशा पोरांनी त्या केल्या होत्या आणि रिकाम्या गोदामांत वाजवल्या होत्या. दुकानदारांनी अडगळीत टाकलेली जपानी तालयंत्रं स्वस्तात उचलायची आणि त्यांवर आठ-दहा मिनिटं एकच ठेका धरायचा. शब्द जवळजवळ नाहीतच. असलाच तर एखाद्या बाईचा एक आलाप, तोच तोच परत येणारा. डेट्रॉइटच्या पोरांचे बाप मोटारींच्या कारखान्यात कामाला, असं तो मुलगा सांगायचा, आणि सगळ्यांना त्याचं नवल वाटायचं. मला वाटलं नाही.

कारण तो ठेका पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कोंड्याचा वास आला होता. खरोखरच आला. मी शाळेतून तुमचा डबा घेऊन मिलमध्ये येते, छताखालचा मोठा शाफ्ट फिरतो आहे, त्यावरून उतरलेला पट्टा धान भरडणाऱ्या हलरकडं गेला आहे, दुसरा तांदूळ उजळवणाऱ्या पॉलिशरकडं, आणि पट्ट्याचा जोड पुलीवर आला की दर फेरीला ठक्‌. दोन पट्टे, दोन ठक्‌. तुम्ही मधोमध डोळे मिटून उभे आहात. मी हाक मारते, तुम्ही हात वर करून थांबवता. मग पट्टा घसरू नये म्हणून राळेचा खडा घेऊन नेमका सैल पडलेल्या पट्ट्याला लावता आणि मगच डब्याकडं वळता. मालक नव्या पोरांना म्हणायचे की मिस्त्रीचे डोळे गेले तरी मिल बंद पडणार नाही. तळघरातल्या कुणालाही मी हे सांगितलं नाही. तिथं माझे वडील मिलमध्ये "असतात" एवढंच ठाऊक होतं, आणि ऐकणारे काय समजायचं ते समजत. मी कुणाची समजूत दुरुस्त करायला गेले नाही.

वर्षभरानं त्या मुलानं मला रेकॉर्डी फिरवणाऱ्या दोन तबकड्यांपुढं उभं केलं. एक रेकॉर्ड खोलीत वाजते आहे, दुसरी हेडफोनमधून फक्त आपल्या कानात. दोन्हींचा ठेका जवळजवळ सारखा, पण अगदी सारखा नाही. कानातलीच्या कडेला बोट टेकवून ती हळू करायची किंवा किंचित ढकलायची, दोन्ही एका चालीवर आल्या की दुसरीही खोलीत सोडायची. नाचणाऱ्याला कळता कामा नये की गाणं बदललं. बाकीच्यांना हे शिकायला महिने लागले. मला तिसऱ्या रविवारी जमलं, आणि त्यानं विचारलं की कुठं शिकलीस. कुठंच नाही, असं मी म्हणाले.

मग तो रविवार. मी एकटीनं पूर्ण तासभर वाजवायचं ठरलं होतं, सगळ्यांसमोर, पहिल्यांदाच. सकाळी रेक्टरबाईंनी चिठ्ठी आणून दिली: वडिलांचा हात मशीनमध्ये सापडला, गोंदियाला दवाखान्यात आहेत, ताबडतोब निघणे. गाडी दुपारची आणि माझा नंबरही दुपारचा. मी चिठ्ठी खिशात ठेवली आणि तळघरात गेले. वाजवलं. त्याची टेप झाली. सोमवारी गाडीत बसले, मंगळवारी दुपारी पोचले. त्याच दिवशी सकाळी तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं काढली होती. मी असते तर ती वाचली असती असं डॉक्टर कधी म्हणाले नाहीत. फक्त आई म्हणाली की ते इंग्रजीत काय सांगत होते ते समजणारं कुणी पाहिजे होतं, तुम्ही दोन दिवस दाराकडं पाहत होता. शेवटी तुम्ही डाव्या हातानं सही केली. तिला मी तेच सोमवारचं सांगितलं. तुम्ही ऐकत होता आणि म्हणालात, "बरं झालं आली."

आठवड्यानं तुम्ही घरी आलात. स्वयंपाकघरात तुम्ही पाटावर बसला आहात, आई तव्यावर तांदळाची धिरडी टाकते आहे, टेपरेकॉर्डर धानाच्या कोठीवर. डाव्या हातानं जेवणं अजून जमत नाही, सगळं ताटाबाहेर जातं, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून की काय, तुम्ही मला पुण्याचं काहीतरी लावायला सांगता. मी ती टेप लावते. कुठली विचारल्यावर बाहेरदेशची, असं सांगते. पाच मिनिटं जातात. तुम्ही विचारता, "काऊन वो, गानं कवा सुरू होईल?" आई हसते. मी सांगते की हेच गाणं. मग तुम्ही ताट सरकवून डोळे मिटता, मिलमध्ये मिटायचात तसे, आणि मी उगाचच ताठ बसते. बऱ्याच वेळानं हात वर होतो, बँडेजचा. "थांब. मांगं घे." मी टेप मागं घेते. ती जागा परत येते. तुम्ही म्हणता, "इथं पट्टा घसरला."

इतक्या वर्षांत ती जागा कुणालाही ऐकू आलेली नाही, बाबूजी. त्या केनियाच्या मुलालाही नाही. दोन रेकॉर्डी तिथं जेमतेम तीन-चार ठेक्यांपुरत्या एकमेकींपासून सुटतात, आणि लगेच परत जुळतात. मी तेव्हा चिडले. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसंच होतं ते. मी म्हणाले की ही यंत्रावर केलेली टेप आहे, यंत्र असं घसरत नाही. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मशीन नाही घसरत वो. मशीनीपाशी उभा राह्यते तो घसरते. याचं ध्यान दुसरीकडं गेलं इथं."

त्यावर मी जे बोलले ते तुम्ही विसरला नसणार. मी विचारलं, त्या दिवशी तुमचं ध्यान कुठं होतं? आईचा उलथनं धरलेला हात थांबला. धिरडं करपलं, त्याचा वास अजून येतो. तुम्ही बँडेजकडं पाहिलंत, रागानं नाही, एखादा सुटा भाग पाहावा तसं. "माहं बी गेलंच होतं," म्हणालात, आणि मग, "लाव समोर." मी टेप पुढं लावली. तुम्ही दुसरी बाजूही ऐकलीत, शेवटपर्यंत.

तो प्रसंग मी आजवर एका अडाणी बापाच्या तिखट कानाची गंमत म्हणून सांगत आले. फिजिक्सच्या वर्गात दोन जवळजवळ सारख्या स्वरांचे बीट्स शिकवतानासुद्धा सांगते, माझं वाक्य तेवढं गाळून. मुनीमजी भेटल्यापासून ती गंमत राहिलेली नाही. चिठ्ठी मला कधी मिळाली हे ठाऊक असलेला माणूस त्या पाटावर बसला होता, आणि तरी त्यानं विचारलं नाही. तुम्ही विचारायला हवं होतं. मला तुमचा त्याबद्दल राग येतो, हेही लिहून ठेवते.

मिलमध्ये आता तो शाफ्ट नाही. प्रत्येक मशीनला आपली मोटर आहे, आणि तांदूळ निवडायलाही यंत्र. तुमच्या कानाचं तिथं आता काही काम उरलं नसतं. हे पत्र घडी करून टेपच्या डबीत ठेवीन, मावेल असं वाटतं.

टेप बाहेरदेशची नव्हती, माझी होती. तुम्ही सांगितलेल्या जागी मी मान वर करून भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं होतं. गाडी सुटायला वीस मिनिटं होती. तेव्हा निघाले असते तरी पोचले नसते, असं मी स्वतःला सांगत आले. तो छापखाना स्टेशनच्या समोरच्याच गल्लीत होता.