आवाज बाहेर जातो

१८ जून, बुध.
पोलिसांकडून दाखला आला. माझ्यावर एकही गुन्हा नाही. सत्तराव्या वर्षी हे अधिकृतपणे कळलं, बरं वाटलं. नी. म्हणाली, "फ्रेम करून हॉलमध्ये लावू या, पाहुण्यांना दिसेल." बायको असावी तर अशी.

एवढा खटाटोप कशासाठी, तर वारज्याच्या शाळेत मंगळ.-गुरु. तिसरीतल्या पाच मुलांना जवळ बसवून वाचून घ्यायचं म्हणून. मोठ्या बाईंनी (मुख्याध्यापिका, शाळेत सगळे मोठ्या बाईच म्हणतात) नियमांचा कागद पुढे सरकवला. बसायचं ते व्हरांड्यात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. पाठीवरून हात फिरवायचा नाही. गोळ्या-चॉकलेटं नाहीत. फोटो नाहीत. मुलांना घरी बोलवायचं नाही. आणि मूल काही काळजीचं बोललं तर 'कोणाला सांगणार नाही' असा शब्द द्यायचा नाही, त्याच दिवशी बाईंना सांगायचं.

म्हटलं, "श्वास घेतला तर चालेल ना?"
बाई हसल्या नाहीत. "चालेल. सही इथे करा."
केली. कर्वेनगरला घरी पोचेपर्यंत धुसफुसत होतो.

२६ जून, गुरु.
पाचातली चार ठीक. एक पोरगा बस सुटल्यासारखा वाचतो, जोडाक्षरं वाटेत सांडतात. पाचवी समीक्षा. दोन वेण्या, ओठ हलतात, आवाज शून्य. "मोठ्यानं वाच बाळा." ओठ जास्त हलले, बस्स. वर्गाच्या चाचणीतही तिच्या नावापुढे 'अक्षरं ओळखते' एवढंच आहे. चाळीस वर्षं कारखान्यात दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढल्या, तेव्हा लगेच निदान केलं: वाचता येत नाही, बाराखडीपासून सुरुवात. का, कि, की. तिने मुकाट्याने केली.

८ जुलै, मंगळ.
सकाळी नी.: "कानाचं यंत्र ड्रॉवरला ऐकू यावं म्हणून घेतलंय का?" तिचं तोंड बंद व्हावं म्हणून घालून गेलो.

आणि समीक्षा वाचत होती! कुजबुजत, पण सगळं. जोडाक्षरांसकट, स्वल्पविरामाला थांबून, संवाद आला की आवाज बदलून. अख्खी गोष्ट वाचणाऱ्या पोरीला मी दोन आठवडे बाराखडी म्हणायला लावतोय, आणि तिने एकदाही तक्रार केली नाही. हसावं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी कळेना.

"अगं, इतकं छान येतंय, मग मोठ्यानं का नाही?"
"सवय न्हाई. घरी मोठ्यानं वाचायचं नसतं. आवाज बाहेर जातो."
"गेला तर गेला."
"मग कळतं ना, आत कोणीतरी हाय. बाहेरनं कुलूप असतं."

मग थोडं थोडं करत सगळं आलं. साडेबाराला शाळा सुटली की आई हिला आणि चार वर्षांच्या भावाला, साईला, खोलीत ठेवते, बाहेरून कुलूप लावते आणि सोसायट्यांत पोळ्या करायला जाते. परत येते दिवेलागणीला. वडील टेम्पोवर, आठ-आठ दिवस बाहेरगावी. गॅस त्याच खोलीत. साई रडायला लागला की ही त्याच्या तोंडावर हात ठेवते.

"आजोबा, कोणाला सांगू नका हां. आई रडती मग."

'नाही गं सांगत' अगदी जिभेवर आलं होतं. कुठला आजोबा दुसरं काही बोलेल? म्हटलं, "तसा शब्द मला देता येणार नाही. मोठ्या बाईंना सांगावं लागेल." तिने पुस्तक मिटलं, माझ्या पुढ्यात ठेवलं, उठून गेली.
बाईंना सांगितलं. नियमाप्रमाणे. नियमाच्या नानाची टांग.

१० जुलै, गुरु.
स. वाचायला आली नाही. वर्गात होती. बोलावलं तर म्हणाली, मला नाही जायचं.
घरी येऊन, नाव न घेता, नी.ला सांगितलं. ती: "आत गॅस, बाहेर कुलूप. काय वाट बघायची होती? बरोबर केलंत. आता तोंड पाडून बसू नका, मेथी निवडा." निवडली. अर्धी काडीसकट, असं नंतर कळलं.

१५ जुलै, मंगळ.
समीक्षाची आई आली. रेखाताई. व्हरांड्यात, सगळ्या मुलांसमोर गाठलं मला.
"पोरगी वाचायला दिली व्हती तुमच्याकडं. चौकशा करायला न्हाई."
मोठ्या बाई तिला ऑफिसात घेऊन गेल्या, चहा मागवला. दार उघडंच होतं, यंत्रही कानात होतं.

"कुलूप नको म्हणता. मागं भर दुपारी एकानं दार वाजवलं, पोरं एकटी बघून. तवापासनं लावती. आता उघडं टाकून जाऊ? सांगा ना, जाऊ उघडं टाकून?"
"नाही. उघडं नको आणि कुलूपही नको. तिसरं काहीतरी शोधू. तुम्हाला दोष द्यायला बोलावलेलं नाही मी."

आठवडाभर मनात त्या आईला बेफिकीर म्हणत होतो. तिच्या हातात जेवढी काळजी होती तेवढी सगळी तिने त्या कुलपात घातली होती. लाज वाटली.

२४ जुलै, गुरु.
तिसरं सापडलं! शाळेच्या आवारातच दुपारची बालवाडी आहे. साईचं नाव तिथे घातलं, आणि समीक्षा त्याच्यासोबत तिथेच बसणार. बालवाडीच्या ताई संध्याकाळपर्यंत थांबायला तयार झाल्या. रेखाताई कामावरून थेट इथे येणार, दोघांना घेऊन घरी. खोलीला कुलूप आहेच, पण आत कोणी नाही.

हे जमवायला मोठ्या बाईंनी किती जणांच्या मिनतवाऱ्या केल्या, त्या सांगत नाहीत. विचारलं तर म्हणाल्या, "तुमची मुलं खोळंबलीत." अशा बाई प्रत्येक शाळेला मिळोत. मनापासून लिहितोय, टोमणा नाही.

रेखाताई गेटवर दिसल्या. मी नमस्कार केला. त्यांनी पदर खोचला आणि चालू लागल्या. बरोबर आहे.

१२ ऑगस्ट, मंगळ.
स. अजून येत नाही. व्हरांड्यातून जाते ती भिंतीकडे बघत. बाई म्हणाल्या, "बोलवू नका. तिचं ती ठरवेल." नाही बोलावत. पाचवं बसकर तेवढं दर वेळी टाकतो.

बसवाल्या पोराने आज अख्खा परिच्छेद धाप न लागता वाचला. शेवटी स्वतःच टाळ्या वाजवल्या. इतका आनंद झाला, आणि तरी ते रिकामं बसकर...

पोरगी घरी बोलते ना? दुसऱ्या कोणा मोठ्या माणसाला परत कधी काही सांगेल ना? की मी तिला गप्पच करून टाकलं? हे कोणाला विचारायचं?

११ सप्टें., गुरु.
गणपतीनंतर आज पहिल्यांदा शाळेत. यंत्राची बॅटरी गेलेली, खिशात टाकलं होतं. मुलं गेल्यावर पायरीवर बसून चपला घालत होतो. बालवाडीतून आवाज आला, "आणि मग कोल्हा म्हणाला..." ठणठणीत! माझ्यासारख्या बहिऱ्याला अंगणाच्या या टोकाला ऐकू यावा असा. खिडकीशी गेलो. समीक्षा उभी राहून छोट्यांना गोष्ट वाचून दाखवत होती. साई सगळ्यांत पुढे, "परत! परत वाच!" ओरडत. कोणी त्याच्या तोंडावर हात ठेवला नाही.

डोळ्यांत पाणी आलं, येऊ दिलं. तिने मला पाहिलं. वाचायची थांबली नाही.

१६ सप्टें., मंगळ.
आली. बसली. "कुठनं वाचू?" एवढंच.
म्हटलं, जिथून वाटेल तिथून.

९ ऑक्टो., गुरु.
पहिल्या सत्राची पालकसभा. मोठ्या बाईंनी आढावा घेतला. आधी वाचन: माझ्या पाचांपैकी चार आता गोष्ट वाचतात, पाचवा वाटेवर आहे (बसनेच येणार). मग मुलांचं मन: कोण डबा खात नाही, कोण एकटं बसतं, घरी काय बघायचं. शेवटी सुरक्षा. मूल ओळखीच्या माणसाच्याच हाती देणार वगैरे. आणि मग म्हणाल्या, "दुपारी घरात मोठं माणूस नसेल तर येऊन सांगा. कोणी रागावणार नाही."

सभा संपली तरी एक आई दाराशी घुटमळत होती. रेखाताईंनी तिला कोपराने ढोसलं. "जा की. बोल. चहा देत्यात."

माझ्याकडे बघितलं नाही. चालेल. हे ऐकायला मिळालं, आणखी काय हवं?

१४ ऑक्टो., मंगळ.
सत्रातला शेवटचा वाचनाचा दिवस. गेटवर रेखाताई उभ्या.
"आजोबा." पहिल्यांदाच. "परवापासनं सुट्टी. बालवाडी बी बंद. दिवाळीत माझी कामं डबल."
"हो."
"तुमच्याकडं आजी असत्यात ना दुपारच्या?"

पोरं दुपारची आमच्याकडे ठेवायचं म्हणत होत्या, हे समजायला वेळ लागला. मग सांगितलं, मी सही केलीय, मुलांना घरी आणता येत नाही. बाईंनी परवानगी दिली तरच. मला राहवलं नाही, म्हटलं, "आणि रेखाताई, मी तर तुमच्या घरातलं बाहेर सांगणारा माणूस."

"म्हणून तर," त्या म्हणाल्या. "काय झालं तर तुम्ही झाकून ठेवणार न्हाई. दुसरं कोण हाय माझ्याकडं तसं?"

समीक्षा साईचा हात धरून उभी होती, आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघत.

१५ ऑक्टो., बुध.
मोठ्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "आजी घरात, दार उघडं, आईचं लेखी. तरी मी एकटीने नाही ठरवणार. शाळेच्या समितीपुढे ठेवते. नाही म्हणाले तर?" म्हटलं, तर नाही. रेखाताईंनाही तेच सांगितलंय. मग मात्र बाई, तुम्हीच काहीतरी तिसरं शोधा. त्या म्हणाल्या, "ते शोधतेच आहे."

संध्याकाळ झाली, बाईंचा फोन नाही. नी.ने काड्यापेटी वरच्या फळीवर ठेवलीय, गॅस खालून बंद कसा करायचा ते मला दोनदा दाखवलं, मला! दुपारी दार सताड उघडं ठेवून बसून पाहिलं. जिन्यातला प्रत्येक जण डोकावून विचारून गेला, काय झालं म्हणून. नी. सगळ्यांना सांगत होती, "काही नाही, पाहुणे यायचेत बहुतेक."