सगळं लेखी!

९ जानेवारी १९८४

आज थोडक्यात निभावलं! डबा द्यायले पोरीच्या हिंदी शाळेत गेली, तर जया वर्गासमोर उभी राहून हिंदीचा धडा म्हणून राहिली होती. खणखणीत आवाज, एक शब्द चुकला नाही. अन् पुस्तक? भलत्याच पानावर उघडं! धडा नर्मदेचा अन् चित्र उंटाचं — मले दारातूनच दिसलं. वर्गाची बहनजी स्वेटर विणत होती म्हणून बरं.

पाचवीत आहे पोरगी, अन् तिले वाचता येत नाही. घ्या, लिहून टाकलं एकदाचं. दुसऱ्या कोणाले सांगू?

११ जानेवारी

दुसरीपासून हेच चालू आहे. दुपारी मी धडा मोठ्यानं वाचते. ती दोनदा ऐकते, की पाठ! घरच्या अभ्यासाच्या वह्या-कॉप्या मी लिहिते — डाव्या हातानं, म्हणजे लहान पोरीचं अक्षर वाटते. "आई, अक्षरं हलतात," म्हणते. डोळ्याच्या डॉक्टरले दाखवलं, डोळे चांगले. आळशी म्हणून मी तिले मारलंही. हो, मारलं.

आकडे मात्र हलत नाहीत! संध्याकाळी शेजारचे फकिराभाऊ आले. त्यांच्या पोरीचं लग्न मे महिन्याच्या सहा तारखेले निघालं, त्या दिवशी त्यांची कोणती शिफ्ट येते? जया दोरीवरच्या उड्या मारत होती, थांबली पण नाही. "सी शिफ्ट, काका. यंदा फेब्रुवारी एकोणतीसचा आहे, तुम्ही अठ्ठावीसचा धरला असन." फकिराभाऊनं कॅलेंडरवर बोटं ठेवत ठेवत मोजलं. बरोबर! आमच्या यांची छाती काय फुगली! "कोक ओव्हन खात्यातले सगळे माझ्याजवळ हिच्यासाठी तारखा पाठवतात. माझी पोरगी इंजिनिअर होईन, इथंच, स्टील प्लांटात."

मी चहाच्या निमित्तानं आत पळाली. यांना काहीच माहीत नाही.

१९ जानेवारी

पाचवीची बोर्डाची परीक्षा २ एप्रिलपासून. सेंटर दुसऱ्या शाळेत. सगळं लेखी!

चौथीत गणितात शंभर होते, हिंदीत ग्रेस देऊन ढकललं. यंदा सहामाहीले मी ताप आल्याची चिठ्ठी दिली. बोर्डाले कोणती चिठ्ठी देऊ?

जेवताना हे म्हणाले, "मागच्या गल्लीतल्या तुळसाबाईची पोरगी पुन्हा नापास. डोकंच नसन तर गावाले पाठवावं. धान रोवायले तरी शिकन." सहज बोलले. जयानं ताटावरची मान वर केली नाही.

२ फेब्रुवारी

आज तिले माझंच नाव लिहायले लावलं. क, म, ल. काना नाही, मात्रा नाही. 'मकल'. पुसलं. 'लमक'. पुसलं. पुन्हा 'मकल'. दहाव्यांदा माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पाटी बाजूले ठेवून म्हणते कशी — "तू चहा पी, आई." मोठी आली मले चहा पाजणारी!

दोन महिन्यांत काय शिकवू हिले? परीक्षेच्या हॉलात एकटी बसन. कोऱ्या कागदाकडे पाहत राहीन. अन् मग सगळ्या कॉलनीले, अख्ख्या सेक्टर दोनले माहीत होईन.

९ फेब्रुवारी

हल्ली शाळेतून तासभर उशिरा येते. विचारलं तर "खेळत होती". एवढं खेळून फ्रॉकवर धुळीचा एक डाग नाही. घरी यायलेच भीत असन. माझ्याच तोंडाले भीत असन.

१४ फेब्रुवारी

काहीतरी शिजून राहिलं आहे. हे अन् फकिराभाऊ अंगणात बोलत होते. मी वाळलेले कपडे काढायले गेली तर दोघंही चूप. एकच वाक्य कानावर पडलं — "कमलले इतक्यात सांगू नका."

समजलं यांना! कुठून समजलं देव जाणे. यांची गावची काकू कधीपासून हाताखाली पोर मागून राहिली आहे. पाठवतील. नक्की पाठवतील.

१५ फेब्रुवारी

यांनी आज रजा टाकली! सख्ख्या भावाच्या लग्नाले दोनच दिवस रजा घेणारा माणूस! इस्त्रीचा शर्ट घालून गेले, दुपारी आले. "कुठं गेलते?" "काम होतं." बस, एवढंच. गावाले चिठ्ठी टाकली असन. नाही तर तिकीटच काढलं असन.

भांडावं वाटते, पण तोंड उघडलं तर माझंच बिंग फुटते. तीन वर्षं फसवलं मी या माणसाले.

२३ फेब्रुवारी

झोप नाही. जेवण जात नाही. जया मधेच उठून पाहते मले.

५ मार्च

झालं! बडी बहनजीची चिठ्ठी आली, जयाच्याच हाती. 'कल सुबह मिलिए। ज़रूरी है।' मुख्याध्यापिका आमच्यासारख्याले कशाले बोलावन? शाळेतून काढलं तर काढलं, पण वर्गासमोर तिले 'मंद' म्हटलं तर? पोरगी मंद नाही हो! मंद मी आहे. झाकता झाकता मीच तिचा घात केला.

सकाळी तिले घेऊन सरळ गोंदियाले माहेरी निघून जावं का? दोनदा पिशवी भरली. दोनदा रिकामी केली.

६ मार्च

गेली. खुर्चीवर बसायच्या आधीच सगळं ओकली — कॉप्या, तापाची खोटी चिठ्ठी, सगळं. बडी बहनजी शांतपणे म्हणाली, "मालूम है।"

मग कागद दाखवला. बोर्डाले अर्ज — जया तोंडी उत्तरं सांगन, चौथीतली एक मुलगी लिहून घेईन. दोघींचा सराव रोज शाळा सुटल्यावर चालू आहे. मंजुरी अजून आली नाही, येईनच असं नाही, पण बहनजी स्वतः खेटे घालून राहिली आहे. खाली पालकाची सही. यांची! तारीख १५ फेब्रुवारी.

मी म्हटलं, "मुझे क्यों नहीं बुलाया?"

"जया ने मना किया था। दिवाली के बाद ख़ुद आई मेरे पास। बोली, मुझे पढ़ना नहीं आता। फिर पापा को भी उसी ने बताया। बस, मम्मी को नहीं, वो बहुत डरती है। कल बोली — मम्मी अब सोती भी नहीं, बुला लीजिए।"

७ मार्च

जयाले विचारलं — दिवाळीपासून बहनजीले सगळं माहीत होतं, तर माझ्याकडून रोज कॉप्या कशाले लिहून घेतल्या?

म्हणाली, "तुले बरं वाटत होतं ना."