सरकलेलं कुंकू

मंगळवार, दिवेलागण

खटाक्-धप्, खटाक्-धप्. वडिलांच्या वेळच्या, पायानं चालणाऱ्या छपाईयंत्राचा आवाज आज कानातून जात नाही. त्या तालावर शाळेतल्या कविता म्हणत मी कागद लावायचो. रेघ कधी चुकली नाही.

आज चुकली. उचगावच्या गिऱ्हाइकाच्या लग्नपत्रिकेवर अंबाबाईचं कुंकू जवभर सरकून थेट डोळ्यात उतरलंय. आणि पहिल्या पाच पत्रिका नवरीचे वडील सकाळीच देवापुढं ठेवायला घेऊन गेलेत.

मी खापर नव्या कॉम्प्युटरवर फोडलं. खरं तर सूनबाई सुनंदा मोठ्या पडद्याचा मागत होती. लहान मीच निवडला, म्हटलं, बारकावे बघायला माझी नजर आहे की. तिनं पडदाच माझ्याकडं वळवला. "मामा, ह्यात कुंकू जाग्यावर हाय. लाल रंग मशीनवर सरकलाय. रंग जुळवायच्या कोपऱ्यातल्या खुणा जुळल्यात म्हणून तुम्हीच पास केलासा न्हवं?"

केल्या. उजव्या डोळ्याला भिंग लावून केल्या. मला जुळलेल्याच दिसल्या.

मघाशी एकेक डोळा झाकून पाहिलं. डाव्यानं कुंकू सरकलेलं दिसतं. उजव्यानं तर पत्रिकेची चौकटच वाकडी दिसते. हे कधीपासून? सुनंदाला सांगू? सांगितलं की प्रूफ माझ्याकडं येणं थांबलं. मग मी दिवसभर करायचं काय? आणि ते कुंकू...

बाहेर कुणीतरी आलंय. नवरीचे वडील असतील. नाही, आवाज पोरीचा आहे. नवरी स्वतःच आलीय. "वहिनी, ही पत्रिका पास कुणी केली?"

"मीच," सुनंदा सांगतेय. "चूक माझी हाय."

पेन ठेवतो. बाहेर जायला हवं.