गॅरेजची खरखरीत जमीन

अण्णा, गॅरेजची जमीन पुरी झाली. हे तुम्हाला कळवायचं खरं तर काही कारण नाही. तुम्हाला जाऊन इतका काळ लोटला की तुमच्याकडून गाडी दुरुस्त करून घेतलेली माणसंसुद्धा आता पेणमध्ये शोधावी लागतात. तरी लिहिते आहे, कारण ही जमीन करताना मी रोज तुमच्याशी भांडत होते आणि ते भांडण तोंडातल्या तोंडात मावेनासं झालं. आई दारातून विचारायची, "काय पुटपुटतेस गो?" मी म्हणायचे, "माप घेतेय."

तुम्ही घर बांधलंत ते गॅरेजच्या पाठीमागे. रस्त्यावर यायचं तर गॅरेजमधूनच, दुसरी वाट ठेवलीच नाहीत. तुमच्यामागे तुमच्या हाताखालच्या मिस्त्रीने काही वर्षं गॅरेज चालवलं, मग त्याने वडखळला स्वतःचं टाकलं. मी रोह्याची खोली सोडून आईजवळ राहायला आले, तेव्हापासून तिथे माझी गाडी उभी असते. पण जमीन तुमचीच राहिली, काळी आणि चिकट. पावसाळ्यात तिला घाम सुटतो आणि वर तेलाचा इंद्रधनुष्यासारखा तवंग येतो. गेल्या पावसात आईचा पाय तिथे सरकला. तिने गाडीच्या दाराची मूठ धरली म्हणून पडली नाही, कुठे लागलंही नाही. पण त्या दिवसापासून ती गॅरेजमध्ये पाऊल टाकेना. "मला काय काम हाय बाहेर?" म्हणायची. गणपती गेले, नवरात्र गेलं, दिवाळीला रोह्याहून मावशीचे फोनवर फोन आले, पण आई दोन खोल्या आणि मागची तुळस यातच फिरत राहिली. एके दिवशी मी कामावरून आले तर ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून, गॅरेजपलीकडे दिसणारा रस्त्याचा तुकडा बघत होती. मी आल्याचं तिच्या लक्षातही आलं नाही. जमीन करायचं मी तेव्हा ठरवलं.

तुम्हाला ती सकाळ आठवत असेल की नाही कोण जाणे. मला आठवते. श्रावण चालू आहे, हमरापूरहून मूर्ती भरून निघालेला टेम्पो आपल्या दारात चाकावरचा स्प्रिंगचा पाटा तुटून पडला आहे. मूर्तींवर प्लॅस्टिक, प्लॅस्टिकवर पाऊस, मालक आणि त्याची माणसं गॅरेजभर. मी नववीत, तुमच्या हाताशी नट आवळायचे पाने देत उभी. आई चहाची किटली आणि कप घेऊन आतून येते आणि दारापासून पाचसहा पावलांवर तिचे दोन्ही पाय एकदम जातात. किटली तिच्या हातावर उलटते. आणि तुम्ही टेम्पोखालून मान न काढता म्हणता, "बघून चालायला काय होतं?"

तेवढंच. टेम्पोच्या दोघा माणसांनी तिला उचलून आत नेलं. तुम्ही पाटा बसवलात, नट आवळलेत, टेम्पो मुंबईच्या रस्त्याला लागला आणि मगच रिक्षा बोलावलीत. तोवर ती चटईवर पडून होती, भाजलेला हात परातीतल्या पाण्यात बुडवून. कमरेचं हाड कसं जुळलं ते सगळ्या पेणला दिसत होतं. त्यानंतर आई कधी सरळ चालली नाही.

मग तुम्ही तिला काठी करून दिलीत. शिसवीची, खाली जुन्या टायरचा बूट ठोकलेली, मुठीला पॉलिश. आल्यागेल्याला दाखवायचात, "मी स्वतः केली." लोक वाहवा करायचे. मीही करायचे. आज त्या काठीचा विचार आला की माझ्या कानशिलांत रक्त चढतं. काठीला एवढे दिवस खर्ची घातलेत, अण्णा, आणि जिच्यावर ती टेकवायची ती जमीन तशीच ठेवलीत! पुढच्याच वर्षी अलिबागचे एक साहेब नवी गाडी दाखवायला आले आणि त्यांचा बूट सरकला. ते पडलेसुद्धा नाहीत, नुसती पँट डागाळली. आठवड्याच्या आत रस्त्यापासून तुमच्या टेबलापर्यंत खरखरीत चौकड्यांच्या फरशा बसल्या. टेबलाशी थांबल्या. टेबलापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंतचा पट्टा, जिथे ती पडली होती, तो तसाच काळा राहिला. गवंडी काम करत असताना आई दारातून बघत होती. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला वाटलं, गिऱ्हाइकासाठी करावंच लागतं.

तुम्ही माझ्या नोकरीला हसायचात. "रंग वाळताना बघायला पदवी लागते?" लागते, अण्णा. रोह्याच्या कंपनीत इतकी वर्षं मी तेच करते आहे आणि कुठला लेप कुठे धरतो आणि कुठे सोलून निघतो हे मला कळतं. म्हणून कामाला ठेकेदार बोलावला तेव्हा त्याच्याशी पहिल्याच दिवशी वाजलं. त्याच्या मोबाइलवर एकाहून एक चकचकीत जमिनींचे फोटो. "ताई, आरसा करून देतो. तोंड बघा त्यात." मी म्हटलं, "मला आरसा नको. ओला पाय ठेवला तरी हलता कामा नये अशी जमीन हवी." तो म्हणाला, "मग फरशा टाका ना सरळ." मी त्याला तुमच्या फरशा दाखवल्या. जॅकखाली फुटलेल्या, सांध्यांत तेल भरलेल्या. नुसता जमिनीचा रंग गाडीच्या गरम चाकांना चिकटून वर्षभरात उखडतो, ते मी लॅबमध्ये पाहिलेलं आहे. शेवटी ठरवलं ते असं. खाली इपॉक्सीचा जाड लेप, ओला असतानाच त्यावर बारीक गारगोटीची वाळू आणि सर्वांत वर पॉलियुरेथेनचा हात, कारण दारातल्या उन्हात इपॉक्सी पिवळं पडतं. तेही थंडी सरल्यावर, हवा कोरडी असताना. फरशा मात्र ठेकेदाराला काढू दिल्या नाहीत. त्या मी स्वतः हातोड्याने फोडल्या. एकेका घावाला जे तोंडातून निघालं ते इथे लिहीत नाही.

मशीनने जमीन घासली, सोड्याने धुतली, वाळवली आणि दारापाशी हातभर जागेत नमुना लावून पाहिला. दोन दिवसांनी नखाने उचलला तर सायीसारखा निघून आला. खालची बाजू तेलकट. पाणी ओतून बघितलं तर अळूच्या पानावर राहावं तसं थेंब थेंब उभं राहिलं. काँक्रीट तेल प्यायलेलं होतं, वरवर नव्हे, खोलवर. मला उमगेना. गॅरेजमध्ये तेल सांडतं, मान्य, पण गाड्या उभ्या राहायच्या मधोमध. स्वयंपाकघराच्या दाराशी इतकं तेल आलं कुठून? म्हणून मिस्त्रीला बोलावलं. तो आता थकला आहे, एका डोळ्याने दिसत नाही. उकिडवा बसून त्याने जमिनीवर हात फिरवला, बोटांचा वास घेतला.

"सांडलेलं नाय हे, ताई," तो म्हणाला. "शेट पाजायचे जमिनीला."

"काय पाजायचे?"

"जळकं ऑइल. गाडीतून काढलेलं. पावसात खालून ओल चढते ना, ती वर येऊ नये म्हणून. डब्याने ओतायचं आणि झाडूने फासायचं. मीच फासायचो, ते सांगतील तेव्हा."

"आई पडली त्या दिवशी?"

मिस्त्री उठायला लागला. मी त्याच्या दंडाला धरलं. तो म्हणाला, "सकाळीच फासलं होतं. दारापर्यंत. मी म्हटलं शेटना, वहिनींची वाट हाय. ते बोलले, सुकेल तोवर."

म्हणजे लेप तुम्हीही देत होतात, अण्णा. तुम्हाला माहीत होतं. टेम्पोखाली पडल्या पडल्या तुम्हाला नीट माहीत होतं की त्या जमिनीवर डोळे फाडून चाललं तरी पाय टिकणार नाही, आणि तरी सगळ्यांसमोर तुम्ही तिलाच बोललात. इतकी वर्षं मी त्या वाक्याला तुमचा तापट स्वभाव समजत होते. तो स्वभाव नव्हता. दोष स्वतःकडे येण्याआधी तुम्ही तो तिच्या गळ्यात घातलात आणि ती तो घेऊन जन्मभर लंगडली.

मी आत गेले. आई वाल सोलत बसली होती. मी विचारलं, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"त्या दिवशी अण्णांनी ऑइल फासलं होतं ते."

तिने मान वर केली नाही. "व्हय. पातळाला वास होता ना. किती धुतलं तरी जाईना."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून हाड जुळणार होतं?"

"मला तरी सांगायचंस!"

तेव्हा तिने वाल बाजूला ठेवले. "तू त्यांच्या पाठी पाठी असायचीस, पाने देत. शाळेतून आलीस की दप्तर टाकून आधी गॅरेजात. तुझे अण्णा तुला हवे होते. ते मी कशाला मोडू?" आणि मग लगेच, भाजी काय करू विचारावं तशा आवाजात, "रंग कुठला लावणारेस? काळा नको. फिकट लाव. काय सांडलं तर दिसायला हवं."

दाराजवळचा सगळा पट्टा खणून काढला. खालून निघालेले काँक्रीटचे तुकडे आतपर्यंत तपकिरी होते. नवं काँक्रीट ओतलं, ते पुरतं कडक होईपर्यंत थांबलो. बाकीच्या जमिनीवर तेल खेचून काढणारं औषध पुन्हा पुन्हा टाकलं, प्लॅस्टिक चिकटवून खालची ओल तपासली, तेलकट जागी धरणारा प्रायमर मारला. ठेकेदार वैतागला होता, पण टिकला. कालवलेलं इपॉक्सी डब्यात राहिलं की तापतं आणि घट्ट होतं, म्हणून कालवलं की लगेच जमिनीवर ओतायचं आणि पसरायचं. तो पसरत होता आणि मी ओल्या लेपात पाय चिकटू नयेत म्हणून बुटांना खिळ्यांचे तळवे बांधून मागोमाग वाळू टाकत होते. माझी वाळू ढिगाढिगाने पडत होती. आई दारात खुर्ची टाकून बसली होती. "अशी नाय गो," ती ओरडली. "राबावर भात पेरतात तशी. मनगट सैल सोड." तिने बसल्या जागेवरून रिकामा हात फेकून दाखवला. तिच्या माहेरच्या शेतात तिने ते केलेलं, मी कधी पाहिलेलं नाही. पुढची वाळू बरी पडली. पण तिच्या दारापुढच्या पट्ट्यात आल्यावर माझा हात थांबेना. तुमचं ते वाक्य डोक्यात चालू होतं आणि मी मुठीमागून मूठ मारत राहिले. शेवटी ठेकेदार म्हणाला, "ताई, बास. रस्ता करायचाय का?"

सगळं वाळलं, कडक झालं, तेव्हा मी आईला हात दिला. तिने तो घेतला नाही. चपला काढून एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं आणि थांबली. मला वाटलं, रडते की काय. ती म्हणाली, "टोचतंय. एवढं खरखरीत कशाला केलंस? कोणावर राग काढलास?"

मग काचकागद आणला, तेवढा पट्टा हाताने घासून त्यावर वरचा लेप नव्याने दिला. आता ओल्या पायाने चाललं तरी सरकत नाही आणि टोचतही नाही. काल सकाळी आई फिकट राखाडी जमिनीवरून चालत रस्त्यापर्यंत गेली, रिक्षात बसली आणि स्टेशनवर जाऊन गाडीने रोह्याला मावशीकडे गेली. मी सोडायला येते म्हटलं तर म्हणाली, "तुला कामं नायत काय?" पोचल्याचा फोन मावशीने केला. मागे आई कशावरून तरी मोठ्याने हसत होती. कधी येणार विचारलं, तर आई मागूनच म्हणाली, बघू.

घरात मी एकटी आहे, म्हणून हे लिहून झालं. ती यायच्या आत फाडून टाकीन, तिच्या हाती लागायला नको. तुमच्यावरचा राग आहे आणि तो कमी व्हावा असं मला वाटत नाही. पण तो सगळा तुमच्यावर नाही, अण्णा. तिने मला सांगायला हवं होतं. मी कोणाच्या हातात पाने देते आहे हे मला कळायला हवं होतं, आणि ते कळू द्यायचं नाही हे तिने एकटीने ठरवलं, जन्मभर. हे तिला तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. तुम्ही नाही आहात, म्हणून तुम्हाला लिहिलं.