हिरव्या शाईची खूण

प्रिय टाचणी,

हॉस्टेलच्या खोलीत ठेवलेलं हे तुझं नाव ऑफिसात कुणालाच माहीत नाही. मीसुद्धा गेली चार वर्षं चारचौघांत तुला मॅडमच म्हणत आले, आणि खरं सांगते, त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. आपण एकाच दिवशी राजशिष्टाचार विभागात लागलो. तू वर गेलीस, मी परिषदांच्या खुर्च्या मांडत राहिले. कुणीतरी मांडायलाच हव्यात ना! तू प्रमुख झालीस तेव्हा हिरव्या शाईचं पेन मीच आणून दिलं होतं, कारण आपल्या विभागात हिरवी शाई फक्त प्रमुखांची. तू माझ्या गळ्यात पडून रडलीस आणि उघड्या पेनाने माझ्या खांद्यावर डाग पाडलास. तो अजून निघालेला नाही.

इथली खबरबात म्हणशील तर सोमवारपासून माझं टेबल तळघरात, भांडारात आहे. सोबतीला पायमोडक्या खुर्च्या. भांडारवाले काका आपल्या कपातला अर्धा चहा मला देतात आणि काही विचारत नाहीत. वरची मंडळी मात्र जिन्यात मी दिसले की मोबाईलमध्ये तोंड खुपसतात. काल तूही खुपसलंस. बावीस वर्षांची मैत्री आणि तुला नेमका तेव्हाच मेसेज यावा, कमालच झाली बाई!

त्या परिषदेची सकाळ माझ्या डोक्यातून जात नाही. अकरा देश, अकरा खुर्च्या, आणि त्या सगळ्यात छोट्या देशाच्या मंत्रीबाईंची खुर्ची नेहमीप्रमाणे शेवटी, खांबाआड. काठी टेकत, गुडघा धरत त्या आदल्या दिवशी दालन बघायला आल्या होत्या. तिथून अध्यक्ष दिसत नाहीत, एवढंच त्या हळू आवाजात म्हणाल्या. तू माझ्या हातातला आराखडा ओढून घेतलास, त्यांची खुर्ची खोडून दाराजवळ, अध्यक्षांच्या बाजूला काढलीस आणि खाली सही ठोकलीस. त्या क्षणी तू मला इतकी आवडलीस म्हणून सांगू! वाटलं, आपली टाचणी अजून बोथट झालेली नाही.

पण त्यामुळे बड्या देशाचे उपमंत्री अध्यक्षांपासून एक खुर्ची लांब गेले. एकच गं, हातभर अंतर! ते दारातच उभे राहिले, बसेनात, आणि मग गाडी मागवून निघून गेले. ज्या पाण्याच्या करारासाठी मंत्रीबाई सहा वर्षं खेटे घालत होत्या, तो त्यांच्या सहीवाचून बारगळला. मंत्रीबाई तेवढ्या दाराजवळच्या त्या खुर्चीवर बराच वेळ एकट्या बसून होत्या. दुपारी वरून विचारणा झाली आणि तू सांगितलंस, की खुर्च्यांचं काम माझं, तू आराखडा पाहिलाच नव्हतास. मी तुझ्या शेजारीच उभी होते. एकदा तरी माझ्याकडे बघायचंस!

भीती वाटली असेल, हे कळतं मला. तुझ्या वरही कुणी आहे, त्याच्या वर आणखी कुणी. पण प्रत्येकाने आपल्या खालच्यावर ढकलायचं ठरवलं तर शेवटी माझ्या खाली कोण आहे? मोडक्या खुर्च्याच ना? नोकरी गेली तर आईच्या औषधांचं काय करायचं, हे तुला मी सांगायला नको. तिचं जेवणखाण तूही कधीकाळी माझ्याबरोबर केलं आहेस.

उद्या अकरा वाजता माझी चौकशी करायला समिती बसणार आहे. मूळ आराखडा माझ्या पिशवीत आहे, तुझ्या हिरव्या खुणेसकट. त्याची झेरॉक्स सोबत जोडली आहे, पण झेरॉक्समध्ये हिरवं काळंच दिसतं, म्हणून मूळ कागद मी हातचा सोडणार नाही. तू आपणहून उठून खरं बोललीस, तर तो पिशवीतच राहील. नाही बोललीस, तर अकरा वाजून पाच मिनिटांनी तो समितीच्या टेबलावर असेल. तुला आजच कळवते आहे, कारण कुठलीही गोष्ट आधी वरिष्ठांच्या कानावर घालायची, हे तूच मला शिकवलंस.

अजून तरी तुझीच,
ढब्बू