पडद्याला अस्तर

ता. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुला पाळीप्रमुख केलं, हे वाचून दुकानात येईल त्याला मी सांगत सुटलो. त्या नादात एका गिऱ्हाइकाच्या बाहीचं माप चुकलं, तेही तुझ्याच खात्यावर धर.

इथे सध्या एकच विषय. बायकांना मताचा हक्क द्यावा का, यावर येत्या रविवारी कौल घेणार आहेत, आणि तो अर्थात पुरुषांचा. मतदानाच्या जागी लावायचे पडदे नेहमीप्रमाणे माझ्याकडेच शिवायला आलेत. कोट शिवायला टाकलेले वकीलसाहेब रोज येऊन बसतात. त्यांचं म्हणणं, बायका नवरा सांगेल तिथेच शिक्का मारणार, मग कागद वाया कशाला घालवायचे? शिवाय नवऱ्याविरुद्ध मत दिलं की घरोघर भांडणं लागणार. आणि लढाईवर न जाणाऱ्यांनी राज्यकारभारात का बोलावं? मला त्यात तथ्य वाटतं. मी नाहीच्या बाजूने आहे, हे दुसऱ्याकडून कळण्याआधी मीच तुला कळवतोय. हिला विचारलेलं नाही. आमच्या घरात एकच मत असतं, तुला ठाऊक आहेच.

रागावून लिहिलंस तरी चालेल, पण लिही.

तुझा,
धाकटा

ता. ७ एप्रिल

चि. शिंपीमास्तर यांस अनेक आशीर्वाद.

रागावले होते, म्हणून आधी चहा प्यायले आणि मग लिहायला बसले.

बायका नवऱ्याचं ऐकूनच मत देणार असतील, तर भांडण कशावरून लागेल? आणि भांडण लागणार असेल, तर त्या ऐकणाऱ्या कशा? ही दोन्ही कारणं वकील एकाच खिशात घालून हिंडतात आणि तू त्या कोटाला बटणं लावत बसतोस. ते स्वतः कुठल्या लढाईवर गेले होते, तेही विचारून ठेव. मागच्या लढाईत एक्स्चेंज आम्ही बायकांनी चालवलं. सेनापतींचे निरोप कानावर पडले, पण एकीच्याही तोंडून अक्षर फुटलं नाही.

बाबा आठवतात? आपलं घर भाड्याचं, म्हणून त्यांना मत नव्हतं. घरमालक म्हणायचे, भाडेकऱ्याला गावाचं काय पडलंय. मतदानाच्या दिवशी बाबा दुकानाचं दार लावून आत बसून राहायचे. पुढे त्यांना हक्क मिळाला. मग आईने विचारलं, माझं काय? तर म्हणाले, तुला त्यातलं काय कळतं. एवढा भला माणूस, त्याने असं का म्हणावं, याचा मी पुष्कळ विचार केलाय. मला वाटतं, अक्कल, लढाई, भांडणं ही सगळी मागाहून शोधलेली कारणं. एकदा आत जागा मिळाली की दार उघडं राहिलेलं कुणाला सोसत नाही, आपल्याला वारा लागेल असं वाटतं. एवढंच आहे ते.

तू रविवारच्या आधी माझ्या भावजयीला विचार, तिला मत हवंय का. आणि ती उत्तर देईपर्यंत गप्प राहा. तुला ते जड जाईल.

माझी माया आहे तशीच आहे, तुझीही आटू देऊ नकोस.

ताई

ता. १४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिला विचारलं. ती पडद्यांच्या कडा दुमडत होती. आधी तिला वाटलं, मी दोऱ्याचा रंग विचारतोय. मग तिची सुई थांबली. म्हणाली, कुठल्या कापडाला कुठलं अस्तर, कुठली बटणं, हे तुम्ही रोज मला विचारता आणि मी सांगेन तेच करता. हे मात्र लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा विचारलंत. हो, हवंय.

मग आजवर बोलली का नाहीस, असं मी म्हणून गेलो. ती म्हणाली, घरात एकच मत असतं हे तुम्ही वकिलांना सांगत होतात, तेव्हा मी आतच इस्त्री करत होते. ताई, मला फार लाज वाटली.

रविवारी मी होवर शिक्का मारला. थोडक्यात का होईना, कौल तुमच्या बाजूने लागला. वकीलसाहेब तणतणत आले आणि अर्धवट कोट घेऊन गेले. त्याला एक बाही नव्हती, रागाच्या भरात त्यांच्या लक्षात आलं नसावं.

आता तरी माझ्यावर पूर्वीसारखी कृपा असू दे.

तुझा,
धाकटा

ता. ९ नोव्हेंबर

ती. वन्संना,
सा. न. वि. वि.

परवा मत देऊन आले. हे कळवायला ह्यांना बसू दिलं नाही, मीच लिहितेय.

आधी दुकानातली खडाजंगी सांगते. पडदे पुन्हा शिवायला आले, दरवेळचंच पातळ कापड. मी एक पडदा खिडकीपाशी धरला आणि ह्यांना पलीकडे उभं केलं. ह्यांचा हात कुठे हलतोय ते मला साफ दिसत होतं. गिरणीचा मुकादम मतदानाला बाहेर खुर्ची टाकून का बसतो आणि कुणी कुठे शिक्का मारला ते त्याला कसं कळतं, याचा उलगडा झाला. हे म्हणाले, आजवर कुणाची तक्रार नाही. मी म्हटलं, तुम्हाला एका मुकादमाचा धाक होता, आमच्या वेळी बाहेर नवरे, दीर आणि सासरे उभे राहतील. प्रत्येक पडद्याला जाड अस्तर लावायचं ठरवलं. हे थोडे कुरकुरले, मग स्वतःच मशीनवर बसले.

आत गेले आणि पडदा नीट ओढून घेतला. समोर कागद आणि आजूबाजूला कुणी नाही. इतकी एकटी मी लग्नानंतर कुठेच नव्हते, आणि इतकं बरंही कधी वाटलं नव्हतं. बाहेर पुरुष माना उंचावून उभे होते. वकीलसाहेबही होते, कोटाची नवी बाही रंगाला जुळत नव्हती.

तेव्हापासून हे माझ्याभोवती घुटमळताहेत. भाजी चांगली झालीय म्हणतात आणि हळूच विचारतात, शिक्का कुठे? आता तुमच्यामार्फत विचारतील. तुम्ही विचारलंत तरी मी सांगायची नाही.

लोभ आहेच, तो असाच वाढता ठेवा.

तुमची,
भावजय

ता. क. ताई, हिने माझ्यासाठी एवढीशीच जागा ठेवलीय. परवा माना उंचावणाऱ्यांत मीही होतो. कापड मी बेतलं, शिलाई माझी, आणि मलाच आतलं काही दिसलं नाही. इतकं चोख काम माझ्या हातून याआधी झालेलं नाही. — धाकटा