सरपंचबाईला बोलता येईना

पांगरवाडी, ता. कंधार
१६ ऑगस्ट २०२४

ति. आनंदराजदादास,
धाकट्या धम्मप्रियाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

फोनवर तुझा आवाज ऐकला की रडू फुटेल, म्हणून पत्र. कालच्या ग्रामसभेत पाठ केलेलं भाषण धडाधड म्हटलं. मग एकानं विचारलं, नळाची लाइन आधी तुमच्याच वस्तीत का? कागदात उत्तर नव्हतं. माइक हातात धरून मी नुसती कागद उलटत राहिले. उपसरपंच भागवतराव हसून म्हणाले, बाई नव्या हायत, मी सांगतो. सांगता सांगता त्यांनी लाइन वरच्या गल्लीकडं वळवली. दोन ऑक्टोबरला पक्का ठराव आहे. शेजारच्या साखराबाईंनी डोक्यावर हंडा घेऊन एवढंच विचारलं, तुला निवडून कशाला दिलं गं?

दादा, तू वकील. तूच येऊन बोल. न्हाई तर मी राजीनामा देते.

तुझ्या मायेची,
प्रिया


लातूर
२१ ऑगस्ट २०२४

चि. प्रियास, अनेक आशीर्वाद.

मी येणार नाही. खुशाल रागाव. आज मी बोललो, तर पुढंही तुझ्या खुर्चीतून दुसराच कुणी बोलेल. वकिलीच्या सुरुवातीला न्यायाधीशांनी अचानक काही विचारलं, की मीसुद्धा वर्षभर नुसती फाइल चाळायचो.

पाठांतर सोड. रोज संध्याकाळी साखराबाईंना मनाला येईल ते विचारू दे. उभं राहून मिनिटभरात उत्तर दे. आधी श्वास घे, लोक हसले तरी घाई नको. डोळ्यांनी पाहिलेली एकच गोष्ट सांग, घरच्या बोलीत, अन् बस. तुझी वहिनी विशाखा म्हणते, नणंदबाई माझ्याशी भांडताना कधी कागद घेत नाहीत.

काळजी घे, कळवत राहा.
दादा


पांगरवाडी
३ ऑक्टोबर २०२४

ति. दादास, सप्रेम जयभीम.

पहिले पंधरा दिवस दोन वाक्यांपुढं गेले नाही. साखराबाई वैतागायच्या, एवढ्यात माझ्या भाकरी झाल्या असत्या.

काल भागवतरावांनी विचारलं, वरच्या गल्लीला तहान न्हाई काय? मी आधी श्वास घेतला. लोक हसले. मग मी म्हणाले, हाय ना तहान. पर तिथं दोन हापसे हायत, आमच्यात एक बी न्हाई. उन्हाळ्यात विहिरीच्या रांगेत आमच्या वस्तीतली चांगुणा घसरली, पोटातलं लेकरू गेलं. मी तिच्या मागंच उभी होते. एवढं बोलून बसले.

मतदानाला पहिला हात भागवतरावांच्या बायकोचा, सिंधुताईंचा. नवऱ्यानं डोळे वटारले, तर म्हणाल्या, पाणी आमी भरतो. मग बायांचे हात मोजता येईनात. लाइन आपल्याकडं आली.

पण दादा, चांगुणाचं दुःख मी तिला न विचारता चव्हाट्यावर मांडलं. परतताना तिची माफी मागितली. ती म्हणाली, इतक्या दिसांत त्या लेकराबद्दल कुणी बोललंच नव्हतं.

तुझीच,
प्रिया